एकाच पदाच्या दोन चाली

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मराठी रंगभूमीवर एक पद असं आहे, की त्याचे शब्द एक आणि चाली दोन. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातलं 'घेई छंद मकरंद' हे ते पद. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेलं असणार. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, पदही त्यांचंच आणि संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं. प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा' या संस्थेनं २४ डिसेंबर १९६७ रोजी ते रंगमंचावर आणलं. विश्रामपूर नावाच्या काल्पनिक संस्थानातली ही गोष्ट. राजगायकाच्या मानासाठी दोन गवई समोरासमोर उभे राहतात. जिंकणाऱ्याला हवेली, प्रतिष्ठा आणि एक कट्यार. त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ. एका बाजूला पंडित भानुशंकर, दुसऱ्या बाजूला खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले.

पंडितजींच्या गळ्यातून हे पद येतं ते सालगवराळी रागात. कोमल स्वरांचा, गंभीर, आत वळून बघणारा हा राग. लय शांत, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. तेच पद खाँसाहेब म्हणतात ते धानी रागात. धानी पाच स्वरांचा, ठुमरी-दादऱ्याच्या अंगानं जाणारा, खेळकर. इथं लय धावते, ताना कोसळतात, समेवर येताना तबलजीशी झटापट होते. शब्द तेच, भुंगाही तोच आणि मधही तोच. पण पहिल्या चालीत तो भुंगा फुलावर बसलेला दिसतो, दुसरीत तो बागभर घुमत असतो.

आता संगीतकारासमोरचा पेच लक्षात घ्या. नाटकाला आलेल्या सगळ्यांनाच काही रागाचं नाव ओळखता येत नाही. दोन घराण्यांची दोन गाणी आहेत, हे त्यांना चार-पाच मिनिटांत, कोणतंही व्याख्यान न देता कळलं पाहिजे. दोन वेगळी पदं दिली असती, तर फरक शब्दांचा की गाण्याचा, हे कळलं नसतं. शब्द कायम ठेवून राग आणि लय बदलल्यावर जो उरतो तो फरक निव्वळ गायकीचा. शाळेत प्रयोग करताना एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलायची, असं शिकवतात ना, तसं हे. दारव्हेकर आणि अभिषेकी यांनी हा प्रयोग रंगमंचावर केला, आणि तो इतका सहज झाला, की लोकांनी तो टाळ्यांनी डोक्यावर घेतला.

काही वर्षांपूर्वी या नाटकाचा नव्या संचातला प्रयोग बघायला गेलो होतो. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरच्या वयस्कर गृहस्थांशी ओळख झाली. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. ते अगदी खुशीत म्हणाले, "वा! तुमच्या खाँसाहेबांनी आज बाजी मारली हो!" त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. चहाचे पैसेही त्यांनी मला देऊ दिले नाहीत. पण 'तुमच्या' हा एक शब्द माझ्याबरोबर घरी आला. मी मराठीत कविता लिहितो. खाँसाहेबांची धानी माझी असेल, तर पंडितजींची सालगवराळी कुणाची? आणि ज्या मराठी शब्दांवर या दोन्ही चाली उभ्या आहेत, ते शब्द कुणाचे? एका शब्दाचा हिशेब करायला बसलो आणि मराठी नाट्यसंगीताची जवळजवळ दीडशे वर्षांची वही उलगडत गेलो. त्या वहीतली काही पानं आज तुमच्यासमोर वाचतो.

पहिलं पान १८८० सालचं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाची वाट मोकळी झाली. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. या उपक्रमाची प्रेरणा अण्णासाहेबांना पुण्यात झालेल्या 'इंद्रसभे'च्या पारशी खेळावरून मिळाली, असं नाट्येतिहास सांगतो. ही 'इंद्रसभा' १८५० च्या दशकात लखनौच्या अमानत या शायरानं उर्दूत लिहिलेली. म्हणजे कथा कालिदासाची, प्रेरणा लखनवी उर्दूची, खेळ पारशांचा आणि भाषा मराठी. पायाच असा चार दगडांचा आहे.

आणि चाली? अण्णासाहेबांनी समोर जे जे होतं ते सगळं घेतलं. कीर्तनातली साकी आणि दिंडी घेतली, लावणीच्या चाली घेतल्या, स्वतः ते बेळगाव-धारवाड भागातले असल्यामुळे कर्नाटकी चालीही भरपूर घेतल्या. लावणीचं नाव घेतलं की मला पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर सगनभाऊ आठवतात. धर्मानं मुसलमान, धंद्यानं शिकलगार. दिवसा हत्यारांना धार लावायची आणि फडावर डफ-तुणतुण्याच्या साथीला मराठी शब्दांना. सोवळ्यातल्या कीर्तनाची साकी आणि फडावरची लावणी, या दोघी एका घरात नांदायला आल्या त्या किर्लोस्करांच्या नाटकात.

यातली अडचण समजून घेण्यासारखी आहे. मी कविता लिहितो म्हणून मात्रा मोजण्याची खोड मला आहे. साकीच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा, सोळा आणि बारा अशा तुटणाऱ्या. दिंडीच्या चरणात एकोणीस, नऊ आणि दहा अशा. आता एकोणीस मात्रांची ओळ सोळा मात्रांच्या त्रितालात जशीच्या तशी बसणार कशी? कुठे एखादं अक्षर ताणावं लागतं, कुठे श्वास घ्यायला जागा सोडावी लागते, कुठे ठेकाच दुसरा घ्यावा लागतो. छंदाचं गणित कवीचं, तालाचं गणित तबलजीचं. ही दोन गणितं एकमेकांना छेदतात तिथं चाल जन्माला येते. संगीत नाटक बघणाऱ्याला हे माहीत असायची गरज नाही. पण त्याच्या कानाला ते कळत असतं.

पुढचं पान १९११ सालचं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलं. चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. टेंबे पेटीवाले, मैफलीत मुरलेले. त्यांनी कीर्तनाचा आणि लावणीचा जुना साठा बाजूला ठेवला आणि पूरबकडच्या ठुमऱ्या, दादरे, गझला यांच्या चाली मराठी पदांना दिल्या. बनारस-लखनौकडचा तो लाडिक, लचकता बाज खाडिलकरांच्या ठसठशीत मराठीवर चढला. पाठोपाठ १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीचं 'स्वयंवर' आलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि त्यांनी तर सरळ ख्यालच रंगमंचावर आणला.

त्या काळी चाल देण्याची पद्धत अशी होती, की आधी एखादी हिंदुस्थानी चीज निवडायची आणि तिच्या मापावर मराठी शब्द बेतायचे. शिंप्याकडे एक अंगरखा नेऊन 'असाच शिवून दे' म्हणावं, तसं. फरक इतकाच, की अंग दुसऱ्याचं असतं. ब्रज भाषेतल्या चिजेत शब्द थोडे, मऊ आणि स्वरान्त. मराठीत जोडाक्षरं जास्त, शब्दांना कडा जास्त. तान घ्यायला 'आ'कार हवा, तर शब्द नेमका 'ष्ट'वर येऊन थांबतो! खाडिलकरांच्या पदांची शब्दरचना ओबडधोबड आहे, अशी टीका पुष्कळांनी केली. कवी म्हणून मलाही ती कधी कधी पटते. पण मी ती पदं वाचून नाही, गुणगुणून तपासतो, तेव्हा लक्षात येतं, की जिथं शब्द वाचताना ठेच लागते तिथंच गाणाऱ्याला पाय रोवायला जागा मिळते. दुसऱ्या भाषेच्या मापाचा अंगरखा घातल्यामुळे मराठीची चालण्याची ढब बदलली, आणि तिलाच आपण पुढे नाट्यसंगीत म्हणू लागलो.

भास्करबुवांकडे हा ख्याल आला कुठून? ते बडोद्याला फैज महंमद खाँकडे शिकले, ती ग्वाल्हेरची गायकी. मग नत्थन खाँकडे, ती आग्र्याची. मग अल्लादिया खाँकडे, ती जयपूरची. तीन उस्ताद, तीन स्वभाव. ग्वाल्हेर सरळ आणि मोकळी, आग्रा लयीशी कुस्ती करणारी, जयपूर पेचदार आणि नाजूक विणीची. या तिन्ही गोष्टी एका गळ्यात कशा राहिल्या असतील, याचं मला नेहमी नवल वाटतं. भास्करबुवांनी त्यांचा काला केला नाही. कुठे कुणाला बोलतं करायचं, हे ते जाणत होते.

आणि त्या पदांना साथ कुणाची? गंधर्व मंडळीत बालगंधर्वांच्या मागे सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. थिरकवाँसाहेब मुरादाबादचे. मोठ्या मैफलींतला त्यांचा तबला मराठी नाटकातल्या रुक्मिणीच्या पदाला ठेका देत होता. पद विलंबित चालीनं फुलायचं, आणि अंतऱ्यानंतर लग्गी सुरू झाली की सारं थिएटर सावरून बसायचं. त्याच साथीत सारंगीशेजारी ऑर्गन असायचा. ऑर्गन हे विलायती वाद्य. त्याचे स्वर पट्ट्यांत बांधलेले, एका पायरीवरून दुसरीवर जाणारे. सारंगी मिंडेतून घसरत जाणारी, पायऱ्या न मानणारी. या दोन वाद्यांचं एकमेकांशी पटायला नको होतं. पण बालगंधर्वांचा आवाज या दोघांच्या मधून असा काही जायचा, की ऑर्गन त्याला जमीन द्यायचा आणि सारंगी सावली.

हे सगळं गोडीगुलाबीनं झालं, असं मात्र समजू नका. प्रत्येक वळणावर भांडणं झाली. वन्समोअर घेत पदं इतकी लांबू लागली, की नाटक पहाटेपर्यंत चाले आणि कथानक बिचारं कोपऱ्यात उभं राही. गाण्यानं नाटक मारलं, असं म्हणणारे होते आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बोलपट आल्यावर नाटक मंडळ्यांची घरं बसली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात केशवराव भोळ्यांनी पदं कमी केली, भावगीताच्या वळणाची केली. जोडकामाचं असं असतं. शिवण उसवते, पुन्हा घालावी लागते.

उलट दिशेनं झालेला प्रवासही सांगायला हवा, कारण त्याशिवाय हिशेब एकतर्फी होईल. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ उत्तरेतून आले आणि मिरजेत राहिले. त्यांनी कर्नाटक संगीतातल्या सरगमची गोडी उचलली, त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली, आणि 'मानापमान'मधलं 'चंद्रिका ही जणु' हे मराठी पदही ध्वनिमुद्रित केलं. म्हणजे उत्तरेची चाल मराठी नाटकानं घेतली आणि मराठी नाटकातलं पद उत्तरेच्या उस्तादानं उचललं. १९३७ साली खाँसाहेब दक्षिणेच्या प्रवासात वारले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

त्याच मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवण्याचा धंदा सुरू केला. हे घराणंही शिकलगारांचंच. हत्यारांचा जमाना सरत चालला होता. तलवारी आणि कट्यारींना धार लावणारे हात भोपळा कोरू लागले, तंबोऱ्याची जवारी लावू लागले. जवारी म्हणजे घोडीवर तार अशी बेतायची, की ती छेडल्यावर नुसती वाजत नाही, तर गुंजत राहते. हेही एक प्रकारचं धार लावणंच आहे. आज देशभरच्या मैफलींत मिरजेचे तंबोरे वाजतात, आणि त्यांच्या तारांखाली कुठलाही राग बसतो.

आता पुन्हा १९६७ सालाकडे येतो. 'कट्यार'चे संगीतकार जितेंद्र अभिषेकी हे गोव्यातल्या मंगेशीचे. देवळात अभिषेक करणारं घराणं, वडील कीर्तनकार. म्हणजे साकी-दिंडीचं बाळकडू घरातच. पुढे मुंबईत आकाशवाणीवर नोकरी. गाणं शिकले ते अजमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित आणि गुलूभाई जसदनवाला यांच्याकडे. एक उस्ताद, एक बुवा, एक गुजराती भाई. १९६४ साली 'मत्स्यगंधा'ला संगीत देताना त्यांनी पदं आटोपशीर केली, प्रसंगाला धरून ठेवली. तीन वर्षांनी 'कट्यार'मध्ये मात्र त्यांना थेट दोन घराण्यांचं भांडण रंगवायचं होतं.

खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी केली. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, लाहोरला असद अली खाँकडे शिकले, पुण्यात सुरेशबाबू माने यांच्याकडे आणि भेंडीबाजारच्या अमान अली खाँकडेही शिकले. हे सुरेशबाबू अब्दुल करीम खाँचे चिरंजीव. शिवाय मास्टर दीनानाथांच्या आक्रमक नाट्यगायकीचा ठसा वेगळाच. पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी. आपली गायकी कुठल्या एका घराण्याची नाही, असं ऐकून घेण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. आणि अखेर महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं ते कुठल्या भूमिकेत? घराण्याचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या खाँसाहेबाच्या! पंडितजी झाले भार्गवराम आचरेकर. आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना रंगवली सोलापूरच्या फैय्याज शेख यांनी.

तेव्हा हिशेब असा लागतो. ज्या धानीला त्या गृहस्थांनी माझी म्हटलं, ती बांधली मंगेशीच्या पुजारी घराण्यातल्या माणसानं आणि गायली वऱ्हाडातल्या देशपांड्यांनी. ज्या सालगवराळीला ते स्वतःची समजत असतील, तिच्या संगीतकाराला तालीम देणाऱ्यांत अजमत हुसेन खाँ होते. कुणाचं काय, हे वेगळं काढायला बसलात तर हाती एकही अख्खं पद लागणार नाही.

याचा अर्थ सगळं एकच आहे, असा मी लावत नाही. हे बोलणं मला पटत नाही आणि ऐकायला गोड असल्यामुळे ते जास्त धोक्याचं आहे. सालगवराळी आणि धानी एक नाहीत. अभिषेकींनी त्या दोघांना कालवून तिसराच एखादा मिळमिळीत राग केला असता, तर नाटकही बुडालं असतं आणि पदही. त्यांनी दोन्ही चाली पूर्ण ताकदीनं उभ्या केल्या, एकीच्या कडा दुसरीसाठी घासल्या नाहीत. फक्त दोघींना शब्द एकच दिले. नाटकातला सदाशिव पंडितजींचा शिष्य. आपल्या गुरूला हरवणाऱ्या खाँसाहेबांच्याच हवेलीत तो नोकर म्हणून राहतो, तो त्यांचं गाणं कानावर पडावं म्हणून. दोन चाली एकत्र येतात त्या अशा: कुणीतरी दुसऱ्याच्या दाराशी कान लावून, मान खाली घालून बसतो तेव्हा. भास्करबुवा असेच बसले, अब्दुल करीम खाँ असेच बसले, वसंतराव असेच बसले. टेपरेकॉर्डर नव्हता, पुस्तकं नव्हती. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं आणि ऐकायचं.

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी 'कट्यार'वरचा चित्रपट प्रदर्शित झाला. सुबोध भावे यांचं दिग्दर्शन. जुन्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली आल्या, कव्वालीही आली. खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले, आणि या चित्रपटातल्या गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या रसिकांना काही गोष्टी खटकल्या. १९११ साली ठुमरीच्या चाली ऐकून जुन्या रसिकांना खटकल्या असतील तशाच. पण ज्या मुलांनी संगीत नाटक कधी पाहिलं नव्हतं, ती मुलं रिक्षात, कॉलेजच्या कट्ट्यावर ही पदं म्हणू लागली. माझ्या घरातही ती म्हटली गेली. आमच्या घरात बोलणं दखनीत चालतं, भांडण मराठीत आणि गाणं ज्याला जसं येईल तसं.

तुम्हांला एक सुचवतो. 'घेई छंद'च्या दोन्ही चालींच्या ध्वनिमुद्रिका आज सहज मिळतात. आधी पंडितजींची ऐका, मग खाँसाहेबांची. पहिल्या खेपेला गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. नुसता तबला ऐका. ठेका कुठे शब्दांची वाट बघतो आणि कुठे त्यांना पुढे ढकलतो, ते बघा. दुसऱ्या खेपेला फक्त शब्द ऐका. एकच 'मकरंद' एका चालीत किती वेळ थांबतो आणि दुसरीत कसा निसटतो, ते मोजा. तिसऱ्या खेपेला मात्र काही मोजू नका. दोन्ही एकापाठोपाठ लावा आणि यातली आपली कुठली, हे जमलं तर ठरवा.